नोंद कोणाच्या भरवशावर? गद्धेगाळापासून ब्लॉकचेनपर्यंत



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "नोंदींचा इतिहास." ते म्हणाले, "म्हणजे दप्तरखाना, मोडी वगैरे?" मी म्हटलं, सुरुवात तिथूनच करू, पण पोहोचायचंय जावास्क्रिप्टपाशी. ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "सर, मालवणात लोक येतील का याला?" आज तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो.

एक खुलासा करून टाकतो. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगणकाचा मी विद्यार्थी नाही. पण माझी नात पुण्याला ब्लॉकचेनवर चालणारी ॲप्लिकेशन्स लिहिते. गेल्या गणपतीत ती घरी आली होती, तेव्हा चार दिवस तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. तिनं माझ्या वहीत एकेक पायरी लिहून दिली. आज जे सांगतो ते त्या वहीतून. चूक असेल तर ती माझ्या समजुतीची.

आधी एक घरगुती कागद. माझ्या आजोळी, इथून फार लांब नाही, आजोबांचा माडांचा बाग होता. आजोबा 1968 साली गेले. वारसनोंद झाली. सातबारावर मामांची नावं लागली, माझ्या आईचं नाव लागलं नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीचा हक्क मान्य केला होता. आईनं हक्कसोडपत्र कधी लिहून दिलं नव्हतं. तरीही नाव नाही. आता गंमत बघा. त्या कागदावर खाडाखोड नव्हती. सही खरी, शिक्का खरा, तारीख खरी. कोणी बनावट काही केलेलं नव्हतं. नोंद शंभर टक्के अस्सल होती आणि खोटी होती. आज तासभर मी जे बोलणार आहे ते या एका वाक्याभोवती.

माणसाला नोंदीची काळजी कशाची? दोन गोष्टींची. एक, लिहिलेलं कोणी मागाहून बदलेल. दोन, लिहितानाच खोटं लिहिलं जाईल. पहिल्या भीतीवर आपण हजार वर्षं उपाय शोधतोय. दुसरीवरचा उपाय वेगळ्या जातीचा आहे, आणि आपण दोन्हींची गल्लत करतो.

कोकणात शिलाहारांच्या काळापासून गद्धेगाळ उभे आहेत. दान दिलं, जमीन दिली, त्याचा लेख दगडावर कोरायचा. वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत हे दान टिकावं. खाली शापाचं चित्र, जो हे मोडील त्याच्या कुळाला लागणारी गाढवाची शिवी. ती मी इथे उच्चारत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा मानतात. तोही गद्धेगाळच. यात तंत्र काय आहे? दगड जड आहे, खोडला तर दिसतो, आणि वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळतं. भरवसा आहे तो भीतीवर.

पुढे कागद आला. कागद दगडासारखा नाही, तो बदलता येतो. म्हणून मराठी दप्तरानं फार हुशार युक्त्या काढल्या. लांब मजकूर असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवायचे. मधला एक बंद काढून कोणी दुसरा चिकटवला तर? म्हणून जोडावर शिक्का मारायचा, अर्धा या बंदावर, अर्धा त्या बंदावर. मधला तुकडा बदललात तर दोन्ही बाजूंचे शिक्के जुळणार नाहीत. आणि शेवटी? शेवटच्या ओळीखाली कोणी आणखी एक ओळ घुसवली तर? म्हणून मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस मर्यादा मुद्रा असते, "मर्यादेयं विराजते". म्हणजे मजकूर इथे संपला. आपण आज सहज "शिक्कामोर्तब झालं" म्हणतो, तो शब्द या व्यवस्थेतून आला आहे.

ज्या राजानं 25 नोव्हेंबर 1664 ला या समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, त्याच्याच दप्तराची ही शिस्त. समुद्रात दगडाची तटबंदी आणि कागदाला मुद्रेची. जोडावरचा शिक्का लक्षात ठेवा, तो आपल्याला थोड्या वेळानं पुन्हा भेटणार आहे.

तिसरी रीत महजराची. वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावची माणसं. साक्षी व्हायच्या, निवाडा व्हायचा, आणि कागदावर हजर असलेल्यांच्या निशाण्या. ज्याला लिहिता येत नाही त्याची त्याच्या धंद्याची निशाणी, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. इथे भरवसा दगडावर नाही, शिक्क्यावरही नाही, तो जमलेल्या माणसांवर आहे. उद्या कोणी म्हणालं की असं ठरलंच नव्हतं, तर वीस माणसं उभी राहतील.

चौथी रीत आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. सरकारचं दप्तर, गाव नमुना सात आणि बारा, फेरफार. इथे भरवसा राज्यसंस्थेवर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याचं कलम 157 मला फार आवडतं. त्याचा आशय असा, की हक्कनोंदणीतली नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरावी. "खरी आहे" असं कायदा म्हणत नाही. "खरी धरावी" म्हणतो. याच्याकडे मी परत येईन. 1 मे 2018 पासून हा सातबारा डिजिटल सहीनं मिळू लागला. तलाठ्याच्या शाईच्या सहीची जागा गणितानं घेतली.

आता गणितावरच आलो, तर संगणकाकडे वळू.

1991 साली हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघा संशोधकांनी एक साधा प्रश्न घेतला. संगणकातला दस्तऐवज अमुक तारखेला अमुकच होता, हे सिद्ध कसं करायचं? त्यांनी वापरला तो हॅश. हॅश म्हणजे मजकुराचा अंगठ्यासारखा ठसा. मजकूर एक पानाचा असो की हजार पानांचा, त्यातून ठरावीक लांबीची एक अक्षरमाळ निघते, साधारणपणे 64 अक्षरांची. मजकुरात एक काना बदला, सगळा ठसा बदलतो. ठशावरून मजकूर मात्र परत मिळत नाही. त्यांची कल्पना अशी, की प्रत्येक नव्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा मिसळायचा. मग मधली एक नोंद बदलली तर पुढचे सगळे ठसे चुकतात. ओळखलंत? जोडावरचा शिक्का! अर्धा या बंदावर, अर्धा पुढच्या. 1995 पासून त्यांच्या मंडळींनी दर आठवड्याचा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. म्हणजे वर्तमानपत्राचे हजारो वाचक नकळत साक्षीदार झाले. हा त्यांचा महजर.

2008 साली सातोशी नाकामोटो या टोपणनावानं बिटकॉइनचा निबंध आला. त्यात या दोघांच्या कामाचे संदर्भ आहेत. जोडशिक्का आणि महजर यांची तिथे सांगड घातली गेली. नोंदवही एकाच कचेरीत नाही, जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती आहेत, आणि नवं पान कुठलं हे त्यांनी ठरलेल्या नियमानं मिळून मान्य करायचं. 30 जुलै 2015 ला इथेरियम सुरू झालं. त्यानं आणखी एक गोष्ट केली. वहीत नुसती नोंद नाही, छोटे प्रोग्रॅमही ठेवता येऊ लागले. त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. "हा ठसा नोंदवून ठेव", "हा ठसा तुझ्याकडे आहे का ते सांग", अशी कामं ते करतात.

तुम्ही म्हणाल, याचा महाराष्ट्राशी काय संबंध? आहे. 2021 मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळानं पदविकांची प्रमाणपत्रं इथेरियमवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं. आणि मार्च 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात 65 हजार जात प्रमाणपत्रं ब्लॉकचेनच्या आधारानं देण्याचा उपक्रम जाहीर झाला. लेजिटडॉक नावाची व्यवस्था, आणि खाली साखळी पॉलिगॉनची. पॉलिगॉनसुद्धा आपल्याच देशातल्या तरुणांचं. 2017 साली जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी ते मॅटिक नावानं सुरू केलं. थोडं थांबून विचार करा. एटापल्ली हा आदिवासी भाग. जात प्रमाणपत्र म्हणजे तिथल्या पोरासाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी. खोट्या दाखल्यावर कोणी जागा पटकावली तर ती याच्या ताटातून जाते. नोंद बदलता येऊ नये, ही तिथे जगण्याची गरज आहे.

कागदावर क्यूआर कोड असतो. कॉलेजच्या कारकुनानं तो मोबाइलनं वाचला की दाखला साखळीवरच्या ठशाशी ताडून बघता येतो. प्रश्न असा, की हे "ताडून बघणं" नेमकं कोण करतं? मी नातीला हेच विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, ब्लॉकचेनशी माणूस कधीच थेट बोलत नाही. मध्ये लायब्ररी असते."

लायब्ररी म्हटल्यावर मला आपलं वाचनालय आठवलं. तसं नाही. प्रोग्रॅम लिहिणारे नेहमी लागणारी कामं एकदाच लिहून ठेवतात आणि बाकीचे ती उचलून वापरतात, त्या संचाला लायब्ररी म्हणतात. ब्राउझरमध्ये चालणारी भाषा जावास्क्रिप्ट. ती 1995 साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत पहिल्यांदा उभी केली. वेबपानावरची बटणं हलती करायला जन्मलेली ही भाषा, आज जगभरच्या आर्थिक नोंदवह्यांची दारवान झाली आहे. इथेरियमसाठी आधी वेबथ्री डॉट जेएस ही लायब्ररी होती. 2016 मध्ये रिचर्ड मूर यांनी इथर्स डॉट जेएस लिहायला घेतली. पॉलिगॉनसारख्या साखळ्यांनाही तीच चालते, कारण त्या इथेरियमचीच बोली बोलतात.

वहीतल्या पायऱ्या वाचून दाखवतो. पाचच आहेत.

पहिली, लायब्ररी आपल्या प्रोग्रॅममध्ये आणायची.

दुसरी, प्रोव्हायडर तयार करायचा. म्हणजे साखळीची प्रत असलेल्या एखाद्या संगणकाचा पत्ता द्यायचा, कारण प्रश्न तिथे जाणार.

तिसरी, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि त्याचा एबीआय द्यायचा. एबीआय म्हणजे या प्रोग्रॅमला काय काय विचारता येतं त्याची यादी. कचेरीबाहेर "येथे खालील दाखले मिळतील" अशी पाटी असते ना, तशी.

चौथी, हातातल्या फाइलचा ठसा काढायचा.

पाचवी, कॉन्ट्रॅक्टला विचारायचं, हा ठसा तुझ्याकडे आहे का? आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी शब्दच आहे, अवेट. उत्तर आलं की पडद्यावर हिरवी खूण किंवा लाल.

वाचायला पैसे पडत नाहीत. लिहायचं असेल तर आणखी दोन गोष्टी लागतात. एक, सही करणारा, म्हणजे खाजगी किल्ली. दोन, गॅस, म्हणजे साखळीची फी. जी कचेरी दाखला देते तिच्याकडे ही किल्ली असते. शिक्का कोणाच्या पेटीत, हा जुनाच प्रश्न.

नातीनं वीसेक ओळींत हे करून दाखवलं. मग मी माझी परीक्षा घेतली. एका कागदावरचं आडनाव मी टाइप केलं, कऱ्हाडे. तिनं टाइप केलं, कऱ्हाडे. डोळ्यांना दोन्ही सारखंच. ठसे मात्र वेगळे निघाले! मला वाटलं यंत्र बिघडलं. ती हसली. म्हणाली, "तुमच्या कळफलकानं ऱ हे एकच अक्षर म्हणून टाकलं, माझ्यानं र आणि खाली नुक्ता असं टाकलं. दिसायला एक, आत दोन." ठसा काढण्यापूर्वी नॉर्मलाइझ नावाची एक क्रिया करावी लागते, मग दोन्ही एकरूप होतात. ती केली नाही, तर कऱ्हाड्यांच्या पोराचा खरा दाखला खोटा ठरेल. आणि त्याला कारण कोणी सांगणार नाही, फक्त लाल खूण दिसेल. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरनं हे ध्यानात ठेवायला हवं.

या जागी मला माझा आजचा मुद्दा सापडला. सगळे लोक साखळीच्या अभेद्यपणाबद्दल बोलतात. पण माणूस साखळी पाहतच नाही. तो खिडकी पाहतो. आणि खिडकी जावास्क्रिप्टची आहे.

तीन घटना सांगतो. 14 डिसेंबर 2023. लेजर नावाची कंपनी क्रिप्टोच्या किल्ल्या सांभाळायची यंत्रं बनवते. तिची कनेक्ट किट नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी अनेक संकेतस्थळं वापरत होती. एका माजी कर्मचाऱ्याला फसवून चोरांनी त्याचा प्रवेश मिळवला आणि लायब्ररीची बदललेली प्रत चढवली. काही तासांत सुमारे 6 लाख डॉलर गेले. डिसेंबर 2024 मध्ये सोलाना या साखळीच्या लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांत किल्ल्या चोरणारा भाग घुसवला गेला. आणि 21 फेब्रुवारी 2025 ला बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं. सह्या करणारे अधिकारी पडद्यावर नेहमीचा व्यवहार पाहत होते. पडदा रंगवणारं जावास्क्रिप्ट मात्र बदललेलं होतं. त्यांनी एक पाहिलं आणि सही दुसऱ्यावर केली.

या तिन्ही वेळा साखळी तुटली का? नाही. साखळीनं आपलं काम चोख केलं. जे सांगितलं ते कायमचं नोंदवलं. तटाचा एक चिरा हलला नव्हता, पण दिंडी दरवाजावरचा पहारेकरी बदलला होता. किल्ल्याच्या गावात हे समजावून सांगायला नको.

दुसराही एक प्रकार आहे, त्यात चोर कोणीच नसतो. पॉलिगॉनवर सराव करणाऱ्यांसाठी एक चाचणी साखळी होती, तिचं नाव मुंबई. एप्रिल 2024 मध्ये ती बंद झाली. पुस्तकांत, धड्यांत जिथे जिथे तिचा पत्ता होता, ती उदाहरणं त्या दिवसापासून चालेनाशी झाली. आणि ज्या वेबथ्री डॉट जेएसवर एका पिढीनं काम शिकलं, ती मार्च 2025 मध्ये अधिकृतपणे थांबवली गेली. जुना प्रोग्रॅम त्या दिवशी लगेच मरत नाही, पण त्याची डागडुजी करणारं कोणी उरत नाही. साखळी म्हणते मी चिरकाल आहे. तिच्याशी बोलणाऱ्या लायब्ररीचं आयुष्य दहाएक वर्षांचं. सूर्यचंद्र दगडावर कोरायचे आणि तो वाचायची विद्या विसरायची, असं हे झालं.

अतिशयोक्ती वाटते? मग मोडीकडे बघा. सहा-सातशे वर्षं या प्रदेशाचा व्यवहार मोडीत झाला. 1950 च्या आसपास ती शाळेतून आणि कचेरीतून गेली. कागद शाबूत आहेत, दप्तरखान्यांत रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. वाचणारे किती? 2023 मध्ये शासनानं कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध झाली. पणजोबाची नोंद आहे, ती मला वाचता येत नाही, वाचणारा सांगेल ते खरं. म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी भरवशावर. एटापल्लीच्या पोराच्या नातवानं 2075 मध्ये ती नोंद उघडायची म्हटली तर ती उघडणारी लायब्ररी असेल का? हा प्रश्न ब्लॉकचेन विकायला येणाऱ्याला अवश्य विचारा.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. कंटाळू नका, थोडक्यात सांगतो.

मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले. त्यामागे एक युक्तिवाद आहे. शब्द खोटा ठरतो तो बोलणाऱ्याच्या दोषामुळे. बोलणाराच नसेल तर दोष कुठून येणार? आणि ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत. ब्लॉकचेनवाल्या मंडळींचं बोलणं मी ऐकतो तेव्हा मला हा युक्तिवाद ऐकू येतो. "कोणावर विश्वास ठेवायची गरजच नाही, मध्ये माणूसच नाही." म्हणजे अपौरुषेय वही! नैयायिक याला मान डोलावणार नाहीत. ते म्हणतील, शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त कोण? ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. ज्ञान आणि प्रामाणिकपणा, दोन्ही. ठसा यांतलं काहीच तपासत नाही. ठसा एवढंच सांगतो, की हे वाक्य तेव्हापासून असंच आहे. वाक्य खरं आहे, हे तो सांगत नाही.

हे मी घरी बोलत होतो तेव्हा शेजारचे एक गृहस्थ बसले होते. उभं आयुष्य रापणीवर गेलेलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तरांनु, ह्या सगळा बरा असा. पण पयली ओळ लिवली कोणी?" मी चाळीस वर्षं प्रामाण्यवाद शिकवला, आणि सगळा प्रामाण्यवाद या माणसानं पाच शब्दांत संपवला!

पयली ओळ लिवली कोणी? देवगडचा आंबा घ्या. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सिंधुदुर्ग आहे. उद्या प्रत्येक पेटीची नोंद साखळीवर केली, कोड चिकटवला, मुंबईच्या गिऱ्हाइकानं मोबाइल धरला, हिरवी खूण आली. त्यातून काय सिद्ध झालं? तो कोड खरा आहे, एवढंच. पेटीत देवगडचा आंबा आहे की दुसऱ्या राज्यातून आलेला, हे पेटी भरणाऱ्यालाच ठाऊक. त्यानं खोटं लिहिलं तर साखळी ते खोटं अढळ करून ठेवील. बागेत जाऊन बघणारा माणूस तरीही लागणारच.

मग हे सगळं निरुपयोगी म्हणायचं का? मुळीच नाही. माझा नकार नाही, मी फक्त मोजमाप करतोय. चांगल्या नोंदीचे तीन गुण असतात असं मला इतिहासावरून दिसतं. पहिला, ती गुपचूप बदलता येऊ नये. दुसरा, ती उघडपणे दुरुस्त करता यावी. तिसरा, ज्याच्याबद्दल ती आहे त्याला ती स्वतः वाचता यावी. पहिल्या गुणात ब्लॉकचेननं दगड, मुद्रा, महजर या सगळ्यांना मागे टाकलं आहे, हे मोकळेपणानं मान्य करू. उरलेले दोन गुण साखळी देत नाही. ते देतो कॉन्ट्रॅक्ट लिहिणारा आणि त्यावरची खिडकी बांधणारा.

दुरुस्तीचं बघा. साखळीवरची जुनी ओळ पुसता येत नाही, पण "ही ओळ रद्द, ही नवी" अशी ओळ पुढे घालता येते. पण ती सोय कॉन्ट्रॅक्ट लिहितानाच ठेवावी लागते. आणि खिडकीनं दाखवायला हवं की नोंद रद्द झाली आहे, कधी झाली आणि कोणी केली. जमीन महसूल अधिनियमात कलम 155 आहे, लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. आणि आपल्या तलाठ्यांची जुनी रीत ठाऊक असेल तुम्हाला, कमी झालेलं नाव पुसायचं नाही, त्याला कंस करायचा. शेजारी फेरफाराचा क्रमांक. जुनं दिसतं, नवं दिसतं, आणि का बदललं ते शोधता येतं. माझ्या नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, आम्ही ज्याला फक्त-पुढे-वाढणारी वही म्हणतो, ती हीच की!" मी म्हटलं, हो, फक्त तुमच्याकडे कंस करायला कोणाकडे जायचं, त्याचा पत्ता पाटीवर लिहा.

आणि वाचण्याचं. शासन जर असे दाखले देणार असेल, तर माझ्या तीन साध्या अपेक्षा आहेत. तपासणाऱ्या पानाचा प्रोग्रॅम उघडा असावा, म्हणजे कोणालाही बघता येईल. तपासायला एकाच कंपनीचं दार नसावं, दुसऱ्या लायब्ररीनं, दुसऱ्या संगणकाकडून तोच प्रश्न विचारता यावा. 11 नोव्हेंबर 2020 ला इन्फ्युरा ही एक सेवा काही तास बंद पडली आणि अनेकांचं इथेरियम दिसेनासं झालं. साखळी चालू होती, पण सगळे एकाच खिडकीतून बघत होते. आणि तिसरी अपेक्षा, लाल खूण आली तर तिचं कारण मराठीत लिहून यावं, आणि त्याखाली एका माणसाचा हुद्दा आणि पत्ता असावा. तुमच्या मुलानातवंडांपैकी कोणी हे काम करत असेल, तर त्याला सांगा. या वीस ओळी लिहिणारा आजचा कुलकर्णी आहे. कुलकर्ण्याच्या लेखणीनं गावं वाचलीही आहेत आणि बुडालीही आहेत.

माझ्या आईचं सांगायचं राहिलं. आमच्या एका मामांनीच पुढे स्वतः अर्ज दिला. "बहिणीचं नाव राहिलं आहे," असं लिहून दिलं. चौकशी झाली, फेरफार झाला, 1991 साली आईचं नाव लागलं. तेवीस वर्षांनी. तो उतारा आणला तेव्हा आईला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. तिनं चष्मा मागितला आणि स्वतः वाचलं. बाळबोधीत होतं, म्हणून वाचता आलं. मग तिनं जुनी नोंद कुठे आहे ते विचारलं. मी दाखवली. ती म्हणाली, "ती पण राहू दे. आपण कुठे होतो ते कळायला हवं."

त्या कागदाला कोणी गुपचूप हात लावलेला नव्हता. चूक उघडपणे दुरुस्त झाली होती. आणि जिचा हक्क, तिला तो वाचता आला. यापेक्षा जास्त मी कुठल्याही नोंदवहीकडून मागत नाही, मग ती दगडाची असो, कागदाची असो की साखळीची. आणि यापेक्षा कमी तुम्हीही घेऊ नका.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.